मलपृष्ठावरची तनया

लंडनमधला दिवाळीचा पाडवा रविवारीच येतो. पंचांगात तो मंगळवारी असो नाहीतर बुधवारी, पिनरला मिलिंद पेंढारकरच्या घरी ओवाळणीचं तबक रविवारी दुपारी, जेवणाआधी निघतं. कारण साउथहॅम्प्टनहून येणाऱ्या थोरल्या भावाला सोमवारी सकाळी ऑपरेशनं असतात. मिलिंदच्या बायकोची, स्वातीची, या सोयीला कधीच हरकत नव्हती. तिची हरकत एवढीच होती, की साउथहॅम्प्टनची मंडळी येताना एक मिठाईचा बॉक्स आणि एक उपदेश घेऊन येत. बॉक्स दर वर्षी लहान होत चालला होता. उपदेश नव्हता होत.

आज राजीवदादांनी बॉक्स बुटांच्या रॅकवर ठेवला आणि कोट न काढता ते सरळ बैठकीच्या खोलीत गेले. मागोमाग सुलक्षणावहिनी आल्या. त्यांनी स्वातीला मिठी मारली, पण आवाज शुक्रवारी फोनवर लावला होता तोच: पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना डॉक्टर लावतात तो. शेवटी त्यांची तनया दारातून वाकून आत आली. दार चांगलं उंच होतं. पण सहा फूट एक इंच उंचीच्या मुलीला लोकांनी इतक्यांदा “सांभाळ गं” म्हटलेलं असतं, की अठराव्या वर्षापर्यंत तिला वाकायची सवयच होते.

“तनू, बरं झालं आलीस. तो वरचा डबा काढ ना, निळ्या झाकणाचा. चकल्या आहेत त्यात.”

तनयानं टाचासुद्धा न उचलता डबा काढून ओट्यावर ठेवला. वरच्या फळीवरच्या डब्यांखेरीज या घरात कुणी तिच्याकडे कधी काही मागितल्याचं स्वातीला आठवेना.

“फार चिडलेत का गं बाबा?”

“बाबा चिडत नाही, काकू. ही गोज क्वाएट. आणि मग प्रिंट काढतो.”

“काय प्रिंट काढलंय?”

“बघशील ना,” तनया म्हणाली, आणि तिनं चकली तोंडात घातली.

झालं होतं ते असं, आणि पेंढारकरांखेरीज ते दुसऱ्या कुणाला करून ठेवता आलं नसतं.

तनया इंग्लंडच्या अठरा वर्षांखालच्या मुलींच्या संघातून बास्केटबॉल खेळत होती आणि तिला दोन बोलावणी होती. एक ओहायोतल्या हॅलोरन युनिव्हर्सिटीचं: आमच्या संघातून खेळ, शिक्षण, राहणं, जेवण सगळं आमच्याकडे. दुसरं स्पेनमधल्या, वलेन्सियाजवळच्या एका क्लबचं: दोन वर्षांचा करार, दरमहा पगार, कॉलेजचं तुझं तू बघ. दोन्ही करता येणार नव्हतं. अमेरिकेतल्या कॉलेजांना तेव्हा खेळातून कमावलेली मुलगी चालत नसे. एकदा का खेळाचा पैसा हाताला लागला, की ते दार बंद. राजीवला कॉलेज हवं होतं, मिलिंदला स्पेन. उन्हाळाभर दोघे भाऊ फोनवर असे भांडले होते, की ऐकणाऱ्याला वाटावं यांच्यापैकीच कुणालातरी बोलावणं आलंय.

सप्टेंबरात ओहायोहून कोच ब्रेंडा साउथहॅम्प्टनच्या घरी आल्या. राजीव त्याला ‘होम व्हिजिट’ म्हणत होता आणि मिलिंद ‘दाखवायचा कार्यक्रम’. मिलिंदचं म्हणणं खरं होतं. पोहे झाले, ओलं खोबरं झालं, मुलीनं चहा आणून दिला. फरक इतकाच, की तिची उंची ऐकून पाहुणे खूश झाले. निघताना बाईमाणसाला रिकाम्या हातानं कसं जाऊ द्यायचं म्हणून सुलक्षणानं कोच ब्रेंडांची ओटी भरली: नारळ, ब्लाउजपीस, पिशवीत तांदूळ. बाई गहिवरल्या. तेव्हा राजीवलाही राहवलं नाही. त्यानं मंडळाच्या गणेशोत्सवाची स्मरणिका आणून त्यांच्या हातात ठेवली. आत तनयाच्या सत्काराचं अर्धं पान होतं, ते त्यानं खूण घालून दिलं.

मलपृष्ठ त्यानं उलटून पाहिलं नाही. मलपृष्ठावर तनयाच होती. इंग्लंडच्या जर्सीत, हवेत, डावा हात पुढे. आणि बॉलच्या जागी लाल कौलांचं एक टुमदार घर. खाली अक्षरं: ‘तुमच्या उंचीचं घर. पेंढारकर लेटिंग्ज, पिनर.’ म्हणजे मिलिंदचा घरं भाड्यानं द्यायचा धंदा.

कोच ब्रेंडांनी नारळ ऑफिसातल्या टेबलावर ठेवला आणि त्याच्याखाली स्मरणिका. जो नारळाबद्दल विचारी त्याला त्या स्मरणिका दाखवत. एक दिवस विचारणारी बाई निघाली ती युनिव्हर्सिटीत नियम सांभाळणारी. तिला मराठी येत नव्हतं. यायची गरजही नव्हती: खेळाडूनं कुठल्याही धंद्याच्या जाहिरातीत दिसायचं नाही, हा नियम तिला पाठ होता, आणि शुक्रवारी साउथहॅम्प्टनला फोन आला.

*

राजीवनं तनूच्या नावानं काकाला लिहिलेलं पत्र चार प्रतींत आणलं होतं, प्लास्टिकच्या फोल्डरमधून.

“बुधवारपर्यंत ओहायोला फॅक्स करायचंय,” तो म्हणाला. “तनूची सही, आम्हा दोघांची सही. आणि खाली मिलिंद, तुझी. की पत्र मिळालं, चूक झाली, जाहिरात थांबवली. एवढ्यावर ते मिटवायला तयार आहेत.”

बैठकीच्या खोलीत फायरप्लेसच्या वर तीच जाहिरात मोठी करून, सोनेरी फ्रेम घालून लावलेली होती. ती लावायला मिलिंदनं दुकानातून शिडी आणली होती. फ्रेमच्या खाली आरामखुर्चीत दोघांचे वडील, शशिधर पेंढारकर, गुडघ्यांवर शाल घेऊन बसले होते. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि झोपल्यासारखे दिसत होते. ते सहसा तसे दिसत.

मिलिंदनं पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं. तो कुठलाही कागद असाच वाची. भाडेकरूंनी त्याला ती सवय लावली होती.

“‘विदाउट द नॉलेज ऑर कन्सेंट ऑफ द अॅथलीट ऑर हर पेरेंट्स’,” त्यानं मोठ्यानं वाचलं. “आईवडिलांनाही न विचारता. पेरेंट्स.”

“तशीच भाषा लागते त्यांना.”

“नाही, भाषा छान आहे,” मिलिंद म्हणाला आणि त्यानं भावाकडे पाहिलं.

राजीव खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे पाहत होता. फोटो आपणच दिला होता, हे तो विसरला नव्हता. जुलैत मिलिंदचा फोटोसाठी फोन आला होता, आणि त्या संध्याकाळी जेवणाचं ताट गार होईपर्यंत त्यानं कॉम्प्युटरवर तनूचे फोटो चाळले होते. एक निवडला होता. सोबत लिहिलंही होतं. पण घरातल्या घरात फोटो देणं म्हणजे काही परवानगी नव्हे, असं त्यानं शुक्रवारपासून स्वतःला पुष्कळदा समजावलं होतं. दर ऑगस्टमध्ये तो हॉस्पिटलात नव्या डॉक्टरांना परवानगी या विषयावरच व्याख्यान देत असे: पेशंटला सांगा, विचारा, थांबा, आणि मगच सही घ्या. व्याख्यान चांगलं व्हायचं. ते पेशंटांबद्दल होतं.

“म्हणजे पाडव्याला पुतणीनं काकाला नोटीस द्यायची,” मिलिंद म्हणाला.

“नोटीस काय त्यात! फॉर्मॅलिटी आहे.”

“तुझी फॉर्मॅलिटी आहे, दादा. माझं दुकान आहे. काचेत सहा फुटी पोस्टर लावलंय मी.”

“काचेतही लावलंयस?”

“लावलंय. येणारे-जाणारे थांबून बघतात. मी सांगतो, ही माझी पुतणी.”

“हेच ते! हेच तुझं, मिलिंद! मुलगी देशाकडून खेळते, आणि तुला त्यातून टू-बेड फ्लॅट भाड्यानं द्यायचं सुचतं!”

“आणि तुला त्यातून डिग्री काढायचं सुचतं. कुणी विकत घेतलं तर ते वाईट, आणि फी माफ केली तर ते पवित्र, होय?”

“डिग्री म्हणजे टू-बेड फ्लॅट नव्हे, मिलिंद,” सुलक्षणा मध्ये पडली. “उद्या हिचा गुडघा गेला तर? राजीव रोज तसे गुडघे उघडून बघतो. तेविसाव्या वर्षी खेळ संपला तर हातात काहीतरी नको का?”

“म्हणूनच म्हणतो, वहिनी, गुडघा शाबूत आहे तोवर पगार घ्यावा. आणि कॉलेजात गेला तर? तुम्ही चार वर्षं चार वर्षं करताय, पण ती शिष्यवृत्ती ते एकेका वर्षाचीच देतात. दर जूनमध्ये नव्यानं. मी वाचलंय. माझ्या भाडेकरूलासुद्धा त्याहून जास्त भरवसा असतो.”

“सगळ्यांना पुढे देतातच ते,” राजीव म्हणाला.

“सगळ्यांना? का उडी मारता येणाऱ्यांना?”

राजीवला याचं उत्तर माहीत होतं, म्हणून तो चिडला. “तुला स्पेन का हवंय ते ठाऊक आहे मला. तुझ्या दुकानात प्रोफेशनल प्लेअरचा फोटो शोभेल. कुणास ठाऊक, त्यासाठीच ही जाहिरात केली असशील. कॉलेजचा रस्ताच बंद.”

हे शब्द तोंडातून जाताच ते जरा जास्त झाले असं त्याला वाटलं. पण परत घेतले नाहीत. पेंढारकरांत परत घेण्याची पद्धत नव्हती.

 मिलिंदनं खिशातून पेन काढलं.

“आण इकडे. पोरीचं नुकसान नको माझ्यामुळे. चोर तर चोर.”

आणि राजीवनं, खालची जागा दाखवायला, पत्रावर बोट ठेवलं.

*

स्वाती दारात फराळाचा ट्रे घेऊन उभी होती. ते बोट तिनं पाहिलं. एकवीस वर्षांच्या संसारात तिनं या थोरल्या दिरांना पुष्कळ माफ केलं होतं: सासूबाई आजारी होत्या तेव्हा दर आठवड्याला फोनवरून दिलेला सल्ला, मिलिंदच्या धंद्याला चारचौघांत ‘खोल्या दाखवण्याचं काम’ म्हणणं. पण नवरा चोर म्हणून सही करतोय आणि हे त्याला जागा दाखवताहेत, हे तिच्या हिशेबात कुठेच बसेना.

“राजीवदादा,” ती ट्रे खाली न ठेवता म्हणाली, “जाहिरात मी केली. घरच्या कॉम्प्युटरवर. ते घर त्या हातात बसवायला मला दोन रविवार लागले. जाहिरातीसाठी मागितल्यावर फोटो मला तुमच्याकडूनच आला. खाली काय लिहिलं होतंत, सांगू? की तुम्हीच सांगता?”

राजीव पुन्हा कुंपणाकडे पाहू लागला.

“‘हा घ्या. यात तिचा डावा हात पूर्ण सुटलेला दिसतो.’ मिलिंद शुक्रवारपासून मला म्हणतोय, गप्प बस, दादा स्वतः सांगेल. मी बसले. आता माझ्याच्यानं होत नाही.”

“स्वाती!” मिलिंद म्हणाला, पण त्यात जोर नव्हता. पेनाचं टोपण त्यानं परत लावलं होतं.

सुलक्षणा नवऱ्याकडे पाहत होती. तिला आधी फोटोचा राग आलाच नाही. आधी आठवली ती येतानाची गाडी. साउथहॅम्प्टनपासून पिनरपर्यंत ती मिलिंदला नावं ठेवत आली होती. धंदेवाईक म्हणाली होती, घरच्या मुलीला बाजारात बसवलं म्हणाली होती. राजीव स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून ऐकत होता, आणि एकदा तर “जाऊ दे, तो तसाच आहे” असंही म्हणाला होता. मोठ्या मनानं.

“तू फोटो दिला होतास,” ती म्हणाली.

“फोटो दिला. जाहिरातीला दिला असं नाही.”

“मग कशाला दिला होतास? पासपोर्टला?”

“सुलू, मुद्दा तो नाहीये. नियम मूर्ख आहे. मंडळाच्या स्मरणिकेत शंभर जाहिराती असतात, कुणी बघत नाही. मूर्ख नियमाला एक वाक्य लिहून द्यायचं आणि मोकळं व्हायचं. सगळे देतात.”

“सगळे कोण? आणि त्या वाक्यात पेरेंट्स आहेत, राजीव. पेरेंट्समध्ये मी आहे. माझ्याकडून खोटी सही घेणार होतास आणि मला कळणारसुद्धा नव्हतं ती खोटी आहे ते! आणि मी मिलिंदला...” ती दिराकडे वळली. “मिलिंद, शुक्रवारपासून मी तुम्हाला काय काय बोलले ते तुम्हाला माहीत नाही, हेच बरं.”

“अंदाज आहे, वहिनी,” मिलिंद म्हणाला. “स्पीकरवर होतात तुम्ही.”

स्वातीनं ट्रे टेबलावर ठेवला आणि सुलक्षणेच्या बाजूला, सोफ्यावर जागा करून बसली. इतकी वर्षं त्या खोलीत दोन सोफे होते: एक साउथहॅम्प्टनचा, एक पिनरचा. आज पहिल्यांदा एकावर दोघी जावा होत्या आणि दुसऱ्यावर एकटा मिलिंद. राजीव कोट घालून उभाच होता.

“बाबा,” तो वडिलांना म्हणाला, “तुम्ही तरी सांगा यांना. तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना, शिक्षणापुढे बाकी सगळं दुय्यम.”

*

शशिधर झोपलेले नव्हते. शिक्षण हा शब्द आला की या घरात शेवटी त्यांच्याकडे वळतात, हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्याचीच वाट पाहत होते.

नागपूरहून सर्जन होऊन, सुवर्णपदक घेऊन ते १९६६ साली या देशात आले. सर्जरीसाठी सात ठिकाणी गेले. सातही ठिकाणी पदकाचं कौतुक झालं आणि म्हाताऱ्यांच्या वॉर्डात जागा आहे असं सांगण्यात आलं. मग तीस वर्षं त्यांनी इंग्रज म्हाताऱ्यांना कुशीवर वळवलं. घरी मात्र मुलांना ते शिका, शिका म्हणत राहिले. कारण दुसरं काय म्हणायचं ते त्यांना सुचलं नव्हतं.

“तनू,” ते म्हणाले, “त्या कॉलेजवाल्या बाईंनी तुला रंगीत पुस्तक दिलं होतं. आहे का जवळ?”

होतं. तनयाच्या बॅगेत ते सप्टेंबरपासून होतं, कोपरे दुमडून मऊ झालेलं. शशिधरांनी खिशातून भिंग काढलं आणि ते पान पान बघू लागले. कुणाला घाई करायची हिंमत नव्हती.

“ही मुखपृष्ठावरची कोण?”

“केली. सीनिअर आहे ती. खूप छान आहे, आजोबा. मी तिथे बघायला गेले होते ना, तेव्हा तिनंच मला कॅम्पस दाखवला.”

“हिच्या छातीवर ही खूण कसली?”

“बुटांच्या कंपनीचा लोगो.”

“कंपनी युनिव्हर्सिटीला पैसे देते?”

“हो, बहुतेक.”

“हिला?”

“नाही. दॅट्स द रूल.”

“हे मागच्या पानावर तिकिटं आहेत. तिकिटावर हीच उडी मारतेय. आणि हा सदरा, हिच्या नंबराचा, दुकानात विकायला. तिचे आईवडील कुठे असतात?”

“आई असते. डेट्रॉइटला. मॅच बघायला बसनं येते.”

“तिकीट काढून?”

तनयानं मान हलवली. असेल, असं.

शशिधरांनी भिंग खाली ठेवलं.   आणि त्यांचा आवाज चढला.

“म्हणजे काकानं फोटो छापला तर मुलीचा बाजार मांडला, आणि त्यांनी छापला तर ते हिचं शिक्षण! वा! आमच्या गणपतीच्या पुस्तिकेतलं कौलारू घर त्यांना खुपतं, आणि स्वतः पोरीला तिकिटावर चिकटवून विकतात, ते खुपत नाही! आणि वर आपल्याकडून लिहून घ्यायचं, की आम्ही चोर आहोत! मला याच भाषेत सांगितलं होतं. तुमची पात्रता उत्तम आहे, डॉक्टर, पण नियम आहेत. नियम! ज्याचं मैदान त्याचे नियम, आणि घाम आमचा! राजीव, पदवीचं मला सांगू नकोस. माझी तिथे कपाटात आहे. सुवर्णपदकसुद्धा आहे. काय वळवलं त्यानं? म्हातारे वळवले!”

त्यांना खोकला आला. स्वाती पाणी आणायला धावली. मिलिंद मात्र उजळला होता.

“म्हणजे बाबांचंही मत स्पेनच. झालं तर मग. मी उद्याच त्या क्लबच्या बाईंना फोन करतो. हिची राहायची जागासुद्धा मी बघतो, दादा, त्यात मला...”

“ओह माय गॉड,” तनया म्हणाली. “स्टॉप. सगळे स्टॉप.”

*

ती उभी राहिली. पूर्ण उभी राहिली की तनया त्या खोलीत फार जागा घेई, म्हणून एरवी ती बसलेलीच असे.

“जूनपासून तुम्ही भांडताय. बाबा, काका, आता आजोबा पण. एकानं तरी विचारलं का मला, तनू, तुला कुठे जायचंय?”

एकमेकांकडे पाहत प्रत्येकजण आठवू लागला, की आपण नाही तर दुसऱ्यानं विचारलं असेल.

“मला ओहायोला जायचंय,” ती म्हणाली. “स्पेनमध्ये त्या टीममध्ये सगळ्या बायका थर्टी-प्लस आहेत, मी बेंचवर बसणार आणि रात्री एकटी फ्लॅटमध्ये पास्ता खाणार. मला नकोय ते. मला केलीसारखं व्हायचंय. मला बायोमेकॅनिक्स शिकायचंय, गुडघा का जातो ते. आजोबा, तुम्ही बरोबर बोलताय, इट इज अनफेअर, मला माहितीय. तरी मला जायचंय.”

मिलिंदचा चेहरा पडला. राजीवचा मात्र एकदम खुलला.

“मग सही कर ना, बाळा!” तो जवळजवळ हसला. “एवढं एक वाक्य. मिलिंदही तयार आहे. पुढच्या ऑगस्टात तू तिथे.”

पत्र टेबलावर चकल्यांच्या शेजारी होतं. तनयानं ते उचललं, वाचलं. तिला खरोखर करावीशी वाटली सही. हात पेनाकडे गेलाही. मग तिला केलीबरोबर पाहिलेलं ते जिम आठवलं, रात्री दिवे चालू असलेलं, लाकडी जमिनीचा वास येणारं. आणि लक्षात आलं, की तिथे रोज जाताना आपण काकाला चोर लिहून आलोय हे बरोबर येणार. आणि बाबाच्या मते ती एक फॉर्मॅलिटीच राहणार.

“नाही,” ती म्हणाली.

“तनू!”

“काकानं चोरला नाही फोटो. तू दिलास. मी हे कसं लिहू?”

“अगं, मी तुझ्यासाठीच...”

“यू टीच कन्सेंट, बाबा! मला तुझी स्लाइड्स पाठ आहे! पहिला स्लाइड काय आहे? आस्क द पेशंट! तू फोटो देताना विचारलं नाहीस, काकानं छापताना विचारलं नाही, काकू, तू पण नाही. आणि आता सगळ्यांना माझा सही पाहिजे, की मला विचारलं नव्हतं. तेवढंच खरं आहे या कागदावर!”

मराठीत चिडताना तिचं व्याकरण सुटत असे आणि एरवी तिच्या चुलतभावंडांना त्याचं हसू येई. आज कुणी हसलं नाही.

तिनं कोपऱ्यातला फोन उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा स्पीकर लावला. ओहायोत सकाळचे आठ वाजले होते. कोच ब्रेंडा जिममध्येच होत्या. मागे बॉल आपटल्याचे आवाज येत होते.

तनयानं त्यांना इंग्रजीत सगळं सांगितलं. की पत्र तयार आहे, पण ते खरं नाही. फोटो वडिलांनी काकांना दिला. जाहिरातीसाठीच दिला. मला विचारलं नव्हतं, इतकंच मी सही करून देऊ शकते.

पलीकडे बॉलचे आवाज लांब गेले. बाईंनी दार लावलं असावं.

“हनी,” त्या म्हणाल्या, “डॅडना नक्की आठवतंय का? कदाचित त्यांनी नुसताच घरच्यांना पाठवला असेल. तसं असेल तर वेगळं आहे. नीट विचार कर. मी तुला वेळ देते.”

राजीव पुढे सरकला. त्याचा हात फोनपर्यंत आला. बाईंनी फळी टाकली होती. त्यानं फक्त पाय ठेवायचा होता.  सुलक्षणा त्या हाताकडे बघत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि नवऱ्याकडून आजच्याइतकं तिनं पूर्वी काही अपेक्षिलं नव्हतं.

“कोच,” राजीव म्हणाला. घसा साफ करून पुन्हा म्हणाला, “धिस इज हर फादर. आय रिमेंबर परफेक्टली. फोटो मी निवडला. जाहिरातीसाठी. माझ्या मुलीला मी विचारलं नाही.”



“थँक यू, डॉक्टर,” कोच ब्रेंडा शेवटी म्हणाल्या. “आता मला हे कळवावं लागेल. नोव्हेंबरात शिष्यवृत्तीची सही होणार नाही. पुढे चौकशी होईल. तुला एखादा सीझन बाहेर बसवतील, कदाचित नाहीच घेणार. आय एम सो सॉरी, टनाया. आय वॉन्टेड यू.”

“आय नो,” तनया म्हणाली. “आय वॉन्टेड इट टू.”

तिनं फोन जागेवर ठेवला, नीट, वायर सरळ करून. मग तिच्या खांद्यांत काहीतरी झालं, आणि सुलक्षणा उठली. पण तनयानं हात पुढे करून तिला थांबवलं.

“मी... सॉरी, तनू,” राजीव म्हणाला. त्यानं आता कोट काढला होता आणि तो कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हतं.

मिलिंद हळूच म्हणाला, “स्पेनवाल्या बाईंचा नंबर माझ्याकडे आहे. म्हणजे, तू म्हणालीस तरच.”

“नंबर मला दे, काका. बोलायचं का नाही, ते मी ठरवणार. आणि दुकानातलं पोस्टर उद्या काढ.”

“उद्या कशाला, जेवण झालं की काढतो.”

“आणि हे पण,” तनया म्हणाली.

मिलिंद शिडी आणायला उठला. शिडी गॅरेजमध्ये होती, सायकलींच्या मागे. तो दारापर्यंत पोचायच्या आत तनया फायरप्लेसपाशी गेली होती. तिनं डावा हात वर केला, आजोबांच्या डोक्यावरून, पूर्ण सुटलेला, आणि सोनेरी फ्रेम खिळ्यावरून उचलली.

ती तिनं राजीवच्या हातांत दिली.

“धर,” ती म्हणाली. “तू दिला होतास.”